नारूरच्या कड्यावरचा तेरडा

जगू,

शाळेत तुझी शोकसभा झाली. मुख्याध्यापक बोलले, मग मला उभं केलं. मी म्हणालो, जगन्नाथमास्तरांच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक मुलाला पट्टीशिवाय सरळ रेघ मारता येते. तुझी नोकरी किती वर्षांची, चित्रकलेच्या परीक्षांना तू किती मुलं बसवलीस, हे कुणीतरी कागदावरून वाचलं. सगळं खरं होतं. पण त्यात तो कडा नव्हता, तो तेरडा नव्हता आणि आपलं भांडण नव्हतं. मीही ते काढलं नाही. काढलं असतं तर पुढचंही सांगावं लागलं असतं, आणि भरल्या सभेत ते सांगायची माझी हिंमत नव्हती. आज तुला जाऊन सतरा दिवस झाले. आज लिहितो.

आपली पहिली चढण मला काल झाल्यासारखी दिसते. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा गावोगाव चालल्या होत्या, ते वर्ष. गणपती पोचवून दोन दिवस झाले होते. मालवणाहून एस.टी.नं कुडाळ, तिथून नारूरपर्यंत पायी, नारूरला एका घरी मुक्काम आणि उजाडताच डोंगर. मी शास्त्राचा शिक्षक, कोल्हापूरला वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेला. माझ्या खांद्याला झाडं गोळा करायचा पत्र्याचा डबा, गळ्यात भिंग. तू चित्रकलेचा मास्तर. तुला फुलांची नावं नकोच होती. "माका डोंगर काढूचो आसा," एवढंच म्हणून तू निघाला होतास.

चार तास चढलो. धुकं इतकं, की पुढे चाललेला तू मधूनच नाहीसा व्हायचास. कडा लागला तसा मी एका दगडावर बसलो आणि तू काठाशी जाऊन पालथा पडलास, डोकं बाहेर काढून खाली बघायला लागलास. मी शिव्या घालत उठलो आणि तुझ्या पायांवर बसलो. खालून वारा असा वर येत होता की तुझी टोपी आकाशात गेली.

"मुकुंदा, हयसर बघ. ह्यां काय आसा?"

पाणी झिरपणाऱ्या भेगेत ते उभं होतं. तीन बोटं उंच. दोऱ्याएवढं लालसर खोड, बुडाशी चार-पाच पानं, पानांच्या काठाला बारीक दाते. वर एकच फूल, फिकट गुलाबी, घशाशी पिवळा ठिपका. आणि फुलाच्या मागे तेरड्याला असते तशी सोंड, पण आत वळून पुन्हा वर आलेली, गळाच्या आकड्यासारखी.

मालवणच्या सड्यावर, उघड्या कातळावर, तेरडा काय कमी असतो. मी तुझ्या पायांवर बसल्या बसल्याच निकाल दिला.

"तेरडो. आपलो सड्यावरचोच. वाऱ्यान खुटलो."

"आणि सोंड?"

"ती पण वाऱ्यान."

"वारो झाडाक वाकवता रे. सोंडेक उलटी कशी वळवतलो?"

आपलं भांडण तिथे सुरू झालं. नऊ वर्षं चाललं.

उतरल्यावर ज्या घरी थांबलो होतो तिथल्या म्हातारीला तू ते रोप दाखवून नाव विचारलंस. तिनं बोटांत धरून फिरवलं आणि परत दिलं. "त्येका नाव नाय, बाबा. गुरां खायत नाय, औषधाक लागना नाय. नाव कित्याक होया?" तू कुडाळपर्यंत हसत होतास. मध्येच थांबायचास, म्हणायचास, "उपयोग नाय म्हणान नाव नाय! मग आपणच देवया मरे."

मी तुला वाटेत समजावलं, की नाव देणं इतकं सोपं नसतं. आधी दाखवावं लागतं की हे झाड त्याच्या ओळखीच्या सगळ्या भावंडांपेक्षा वेगळं आहे. एकेक अवयव मोजून लिहावा लागतो. वाळवलेला नमुना ठेवावा लागतो. वर्णन लॅटिनमध्ये छापावं लागतं. तू निमूटपणे ऐकलंस, आणि मला वाटलं तुझा उत्साह संपला. तुला ओळखण्यात मी पहिल्यापासून कमी पडलो, जगू.

तेरडा म्हणजे नुसतं पाणी. मी कागदांच्या घडीत दाबलेला नमुना तिसऱ्या दिवशी उघडला तर काळा डाग. सोंड कुठे, पाकळी कुठे, काही कळेना. तेव्हा तू म्हणालास, वाळवायचं तुझं, काढायचं माझं. पुढच्या भाद्रपदात तू एकटा जाऊन ओल्या शेवाळात गुंडाळून चार रोपं जिवंत आणलीस. तुझ्या पडवीत पांढऱ्या बशीत पाणी घेतलंस, त्यात फूल सोडलंस आणि इंदूवहिनींच्या शिवणाच्या सुईनं एकेक पाकळी सोडवलीस. पाकळ्या पाण्यावर पसरल्या. मी कॉलेजात तीन वर्षं काढली, पण फूल असं उघडलेलं मी पहिल्यांदा तुझ्या बशीत पाहिलं. हे मी तुला कधी सांगितलं नाही. मी एवढंच म्हणालो, की केसर पाच आहेत, तू चार काढलेस. तू खोडून पाच केलेस.

मग दर रविवार तसा ठरून गेला. मी चार वाजता यायचो. वहिनी चहा आणि बशीत खाजं ठेवायच्या. तू कागद पसरायचास. आपण शाळेत एकमेकांना "सर" म्हणून शुद्ध बोलायचो आणि पडवीत मालवणीत कचाकचा भांडायचो. "पानांचे दाते मोजलंस?" "मोजलंय. अकरा." "सड्यावरच्याचे?" "सात, नाय तर आठ." "म्हणजे काय सिद्ध जाला?" "तू मेल्या काय सिद्ध जायत म्हणूनच बघणस नाय!" वहिनी आतून ओरडायच्या, शेजारी काय म्हणतील. शेजाऱ्यांना सवय झाली होती.

महाराष्ट्र राज्य झालं त्या वर्षी तू तुझी चित्रं, मोजमापं आणि त्यातल्या त्यात बरा दाबलेला नमुना पुण्याला एका तज्ज्ञाकडे पाठवलास. मजकूर तू मराठीत लिहिलास, इंग्रजी मी केलं. प्रामाणिकपणे केलं. तेवढं माझ्या बाजूनं लिहून ठेवतो.

दोन महिन्यांनी शाळेच्या पत्त्यावर त्या तज्ज्ञाचं पत्र आलं. माझ्या नावानं; झाड पाहिलेला पदवीधर म्हणून तू मजकुरात माझा उल्लेख केला होतास. चित्रं उत्तम आहेत, पण नमुना काळवंडलेला आहे आणि पाठवणारा वनस्पतिशास्त्राचा माणूस नाही. आपण पदवीधर आहात, झाड जिवंत पाहिलेलं आहे, तर आपलं मत कळवावं.

मी मत कळवलं, जगू. त्याच दिवशी, मधल्या सुट्टीत, शिक्षकांच्या खोलीत बसून, शाळेच्या छापील कागदावर. भिंग काढलं नाही. तुझी चित्रं पुन्हा पाहिली नाहीत. लिहिलं, की हे सड्यावरच्या नेहमीच्या तेरड्याचं कड्यावरच्या वाऱ्यानं खुरटलेलं रूप आहे, निराळी जात मानायला आधार नाही. श्री. जगन्नाथ हे कलावंत आहेत, त्यांचा उत्साह कौतुकास्पद आहे. हे शेवटचं वाक्य मी लिहिलं. घंटा व्हायच्या आत पाकीट बंद केलं.

तेव्हा मी स्वतःला सांगितलं, की विज्ञानात मैत्री आणायची नसते. आज तसं सांगवत नाही. तुझ्याआधी सहा वर्षं मी ते डोंगर चढत होतो. पदवी माझी, डबा माझा, भिंग माझं. त्या कड्यावर मीही बसलो होतो, तुझ्यापासून दोन हातांवर. आणि नवं झाड दिसलं ते टोपी उडवून पालथ्या पडलेल्या ड्रॉइंगमास्तरला. मला ते सहन झालं नाही. वारा वगैरे नंतरचं.

पुण्याहून तुला नकार आला. रविवारी मी चार वाजता आलो तेव्हा तू पायरीवर बसून सुपारी कातरत होतास.

"पुण्याक पटला नाय," म्हणालास.

"मी तुका सांगी होतंय," मी म्हणालो.

तू माझ्याकडे बघितलंस. बराच वेळ बघितलंस. मग अडकित्ता खाली ठेवलास. "वाऱ्यान खुटला म्हणतत. माझ्या परसात वारो नाय. हयसर लावन बघया."

मला हसू आलं. डोंगरावरचं धुक्यातलं झाड मालवणच्या उकाड्यात, खाऱ्या हवेत! पण विचार अगदी पक्का होता. दोन्ही तेरडे एकाच जागी, एकाच मातीत लावायचे. वाऱ्यानं खुटलं असेल तर तुझ्या परसात ते वीतभर वाढेल. तरीही तीन बोटंच राहिलं, तर ती त्याची जात. मी वर्गात मुलांना प्रयोग शिकवत होतो आणि असा एकही प्रयोग मी आयुष्यात केला नव्हता.

तेरड्याचं बी धरणं म्हणजे काय, ते तुझ्यामुळे कळलं. बोंड पिकलं की नुसत्या स्पर्शानं फुटतं, बी उडतं ते कड्याखाली. वहिनींनी जुन्या मलमलीच्या धोतराच्या नखाएवढ्या वीस पिशव्या शिवल्या. तू कड्यावर पोटावर सरकत जाऊन प्रत्येक बोंडाला एकेक पिशवी बांधलीस आणि दहा दिवसांनी पुन्हा चढून सोडवलीस. दोन्ही वेळा मी तुझ्या पायांवर बसलो होतो. पुण्याला पत्र टाकलेला तोच मी.

पहिल्या पावसाळ्यात रोपं उगवली आणि मानेशी कुजली. गोवा मुक्त झालं त्याच्या पुढच्या पावसाळ्यात दोन पानांवर आली आणि खाऱ्या हवेनं करपली. तिसऱ्या वर्षी गोगलगाईंनी एका रात्रीत साफ केली. तू कुंड्या ओतून टाकल्यास. त्या वेळी वहिनी म्हणाल्या, "कुंडयेत कित्याक? थंय दगडातच होतां ना? मग बावडीच्या चिऱ्यात घाला." आपण दोघं शहाणे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. विहिरीच्या आतल्या अंगाला, सावलीत, पाणी पाझरणाऱ्या चिऱ्यांच्या भेगांत तू यंदा बी घातलंस. डावीकडे सड्यावरचा तेरडा, उजवीकडे कड्यावरचा.

श्रावण संपता संपता तू निरोप पाठवलास. मी आलो. तू मला कठड्यावरून वाकून बघायला लावलंस. डावीकडचा वीतभर होऊन फुलला होता. उजवीकडे तीन बोटांची पाच रोपं होती, आणि एका फुलाची सोंड आकड्यासारखी वर वळलेली. विहिरीत वाऱ्याचं नाव नव्हतं.

त्या क्षणी मला कळलं होतं, जगू. कळलं नाही असं नाही.

"काय म्हणतंस?" तू विचारलंस.

"एका वर्सान काय सिद्ध जाता?" मी म्हणालो.

तू भांडला नाहीस. "बरां," म्हणालास आणि घरात गेलास. मी एकटाच विहिरीवर उभा राहिलो. वहिनींनी चहा दिला तोही तिथेच उभ्यानं प्यालो.

दोन आठवड्यांनी शाळेत तू माझ्या टेबलावर दोन पुड्या ठेवल्यास. एकीवर "सडा", दुसरीवर "कडा". विहिरीतल्या रोपांचं बी. मी त्या खणात टाकल्या. नवरात्रात तुझे डोळे पिवळे झाले. कावीळ. डॉक्टर आले, झाडपाला झाला, पथ्य झालं. मी रोज यायचो, शाळेतल्या गमती सांगायचो. तू भिंतीकडे तोंड करून ऐकायचास. एक दिवस तसाच म्हणालास, "मुकुंदा, बियां बघलंस?"

मी "बघतंय" म्हणालो, आणि त्या दुपारी खरंच शाळेत परत गेलो. शाळेतला एकुलता एक सूक्ष्मदर्शक काढला. सड्यावरच्या तेरड्याचं बी गुळगुळीत, काळं. कड्यावरच्या बियाला सगळ्या अंगावर बारीक, वळलेले केस, लोकरीसारखे. ओल्या खडकाला चिकटून राहायला असणार. मी दोन्ही चारदा पाहिली. काच पुसून पाचव्यांदा पाहिली. नऊ वर्षांत मी बी कधी काचेखाली धरून पाहिलंच नव्हतं.

संध्याकाळी तुझ्याकडे आलो तेव्हा खोलीत माणसं होती. तुझे काका, सासरकडचे कुणी. मी वाकून तुझ्या कानाशी म्हणालो, "बियेक केस आसत. तुझां बरोबर, जगू. निराळी जात."

तू डोळे उघडलेस. "खराच?"

"खराच."

तुझा चेहरा असा सैल झाला, की वहिनी धावत जवळ आल्या. मग तू माझं मनगट धरलंस आणि हळू म्हणालास, "तर मग आता तू लिही."

मला वाटलं तू वर्णन लिहायला सांगतोयस. मी मान हलवली. पत्राचं सांगायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. काका पाणी पाजायला पुढे झाले, मी बाजूला सरकलो आणि उद्या सांगू असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी तुला शुद्ध नव्हती. तिसऱ्या दिवशी तू गेलास.

परवा वहिनींनी बोलावलं. म्हणाल्या, भावजी, ह्येंचे तेरड्याचे कागद तुमीच बघा, आमका काय कळणत नाय. मी तुझी चित्रं एकेक करून काढली. खाली इगर्जीतल्या पाद्रीबाबांच्या अक्षरातलं एक पान होतं. तू कधी त्यांच्याकडे गेलास मला माहीत नाही, पण संपूर्ण वर्णनाचं लॅटिन त्यांच्याकडून करून घेऊन ठेवलं होतंस. केसर पाच. पानाला अकरा दाते. बियाच्या ओळीपाशी मोकळी जागा. तेवढं ठरायचं होतं म्हणून तू ते पान कुठेही पाठवलं नव्हतंस.

त्याच्या खाली शाळेचा छापील कागद होता. माझं अक्षर. पुण्याच्या तज्ज्ञानं नकारासोबत माझं पत्रच तुला पाठवून दिलं होतं.

मी ते हातात धरून बसलो. वहिनी दाराशी उभ्या होत्या.

"तुमचांच अक्षर मां?" त्यांनी विचारलं.

"होय."

"ह्येंनी माका तवाच वाचून दाखयल्यानी होतां."

चार वर्षं. चार वर्षांचे रविवार, चहा, खाजं, वीस पिशव्या, विहिरीतली जागा. मी म्हणालो, "वहिनी, आणि तुमी माका काय बोललास नाय?"

"माका राग इल्लो. मी म्हटलंय, त्येका विचारा. ह्येंनी सांगल्यानी, मुकुंदाक ह्यातला अक्षर बोला नको. लाजान तो येवचो बंद होतलो. मग मी भांडू कोणाबरोबर?"

पायरीवर बसून तू माझ्याकडे इतका वेळ का बघत होतास, ते मला परवा कळलं. वारा नसलेल्या जागी झाड लावून बघायचं तुला कुणाला पटवण्यासाठी सुचलं, तेही परवाच कळलं. पुण्याला तू पुन्हा एक अक्षर लिहिलं नाहीस. तुला पुण्याकडून हो नकोच होतं. माझ्याकडून हवं होतं. ते मी दिलं, पण केव्हा दिलं ते तुला माहीत आहे.

वर्णन तर तू करूनच ठेवलं होतंस, तेव्हा "तू लिही" म्हणालास ते पुण्याचंच असणार. काल मी पुण्याला पत्र लिहिलं. वहिनींसमोर बसून लिहिलं आणि त्यांना मालवणीत सांगितलं. माझं आधीचं मत चुकीचं होतं, ते मी झाड न तपासता दिलं होतं. श्री. जगन्नाथ यांनी प्रयोगानं ते खोटं ठरवलेलं आहे. जात नवी आहे, शोधणारे आणि वर्णन करणारे तेच आहेत, त्यांच्या नावापुढे दुसरं कुणाचंही नाव लावू नये. बियांच्या पुड्या, चित्रं, लॅटिनचं पान सोबत जोडलं. मोकळ्या ओळीतलं वाक्य पाद्रीबाबांनी भरून दिलं. उत्तर काय येईल माहीत नाही. कदाचित येणारही नाही.

एका गोष्टीत मात्र मी अजून मागे हटलेलो नाही. आंबोलीच्या धबधब्यापाशी तू पाहिलास तो तेरडा आणि हा एकच, असं तू म्हणायचास. तो एक नाही. तिथे तुझं चुकतं आहे, जगू. त्याची पानं खोडावर आहेत. येत्या भाद्रपदात मी जाऊन आणतो, बशीत उघडतो. तुझ्यासारखं काढता येणार नाही, पण मोजता येईल. तू असतास तर काय म्हणाला असतास ते मला पाठ आहे, तरी ऐकायला तू नाहीस, याचं काय करायचं ते मला सुचत नाही.

काल पुण्याचं पत्र पाकिटात घालून मी उठलो. वहिनींना म्हणालो, आता तुमच्यासमोर यायला मला तोंड नाही. कागद पोचले, काम झालं, आता मी येत नाही. त्या कपबश्या उचलत होत्या. उचलता उचलता थांबल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आयतवारी च्या ठेवतंय. नाय इल्यात तर ह्येंका जां भय होतां तांच खरां ठरतला."

परवा रविवार आहे, जगू. चार वाजता मी तुझ्या पडवीत असेन.

तुझा,
मुकुंद